चाळीस पावलांवरचं रान: धनुष्य घरी ठेवून बालाघाटात पायी माग काढताना

दर दिवाळीनंतर एखादा तरी पोरगा मैदानावर मला गाठतोच. मी बीडला धनुर्विद्या शिकवतो. पोरगा मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवतो: डोंगरात तंबू, तोंडाला काळा-हिरवा रंग, हातात कप्प्या लावलेलं कंपाउंड धनुष्य आणि समोरच्या कड्यावर रानबोकड. मग विचारतो, "सर, आपल्याकडं पाटोद्याला रोही कमी हायेत का? जाऊ की एकदा!" रोही म्हणजे नीलगाय.

माझं उत्तर ठरलेलं आहे. जाऊ. धनुष्य मात्र घरी राहील.

ते का, हे आधी सांगतो, म्हणजे पुढे कुणी मध्येच विचारायला नको. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ पासून लागू आहे. त्यात शस्त्राची व्याख्या करताना बंदुकीच्या जोडीला धनुष्यबाणाचंही नाव घेतलेलं आहे. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय धनुष्य नेणं हाच वेगळा गुन्हा, मग बाण सोडा की सोडू नका. शिकारीची व्याख्याही ऐसपैस आहे. नुसतं मारणंच तिच्यात येत नाही. फासा लावणं, हाकारा करून प्राणी पळवणं, आमिष टाकणं, यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, सगळं त्यात बसतं. चिंकारा, काळवीट, लांडगा, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतले. त्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. हे अभयारण्याच्या आत जेवढं लागू, तेवढंच तुमच्या बांधावरही. पिकं खाणाऱ्या रोही-डुकरांसाठी वन विभागाच्या परवानगीची वेगळी वाट आहे, पण ती नुकसान झालेल्या शेतकऱ्यासाठी आहे. हौसेनं आलेल्या पाहुण्याचा तिथे काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. बंदूकवाला दोनशे मीटरवरून काम उरकतो. धनुर्धाऱ्याला ते जमत नाही, त्याला तीस मीटरवर जावं लागतं. त्याचं खरं कसब त्या मधल्या १७० मीटरांत असतं: वारं, पाय, सावली, सबुरी. बाण सुटतो तो शेवटचा अर्धा सेकंद. तेवढा वगळून बाकीचं सगळं शिकायला, करायला आपल्याला कुणाची आडकाठी नाही. हातात धनुष्याऐवजी कॅमेरा घ्या आणि अंतर तेच ठेवा. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, त्या हिशोबाने चाळीस पावलं. इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्यावर नवखी पोरं ज्या अंतरावर हात बसवतात तेच हे ३० मीटर.

जागा आणि महिना

मराठवाड्यात डोंगर नाहीत असं पुण्याकडची मंडळी समजतात. उत्तरेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आहे. कन्नड आणि चाळीसगावच्या मध्ये गौताळा-औट्रम घाट अभयारण्य पसरलंय, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. मध्ये-दक्षिणेला बालाघाट: पाटोदा, आष्टी, भूम, येडशी. नांदेडकडे किनवट-माहूरचं सागाचं जंगल. या तिन्हींत पायी माग काढायला मला बालाघाट बरा वाटतो. गौताळ्यात झाडी दाट, त्यामुळे प्राणी दिसतो तो एकदम वीस पावलांवर, आणि तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही त्याला दिसलेले असता. किनवटला फेब्रुवारीनंतर सागाची पानं पापडासारखी वाजतात. बालाघाटात उघडा माळ, बोर-हिवर-तरवडाची झुडपं, मध्ये मध्ये ओघळी आणि लवणं, म्हणजे खोलगट जागा. दूरवरून प्राणी दिसतो आणि ओघळीतून लपून जाताही येतं.

पण अभयारण्याच्या आत मी हा प्रकार करत नाही. नायगाव मयूर असो की येडशी-रामलिंग घाट, तिथे परवानगी काढायची, ठरलेल्या वाटेने जायचं आणि बसून बघायचं. प्राण्याला छेडणं अभयारण्यात गुन्हा आहे, आणि तुम्ही त्याच्या अंगावर सरकत गेलात तर छेडणं कुठे सुरू होतं याचा वाद वनरक्षकाशी घालायची वेळ येते. राखीव जंगलातही विनापरवाना शिरू नका. गावचं गायरान, खाजगी पडीक, बरड रानं यांत मालकाला आणि गावाला विचारून जा. रोही तर तिथेच जास्त भेटतात, कारण हरभरा आणि ज्वारी तिथेच असते.

महिना: मार्गशीर्ष ते माघ. पावसाळ्यात गवत कमरेइतकं, पायाखाली फुरसं आहे की काडी ते कळत नाही. चैत्र-वैशाखात ऊन ४० च्या वर जातं आणि प्राणी पाण्याच्या एकेका डबक्यावर अडकलेला असतो. तेव्हा पाणवठ्याजवळ दबा धरणं म्हणजे त्याला पाण्यापासून तोडणं. फोटो सोपा मिळतो हे खरं आहे, म्हणूनच तो मोह टाळा.

सामान: जेवढं कमी तेवढं बरं

आधी लेन्सचा हिशोब, कारण पोरं तिथेच घोडं अडवतात. नवशिक्याच्या कॅमेऱ्याबरोबर ७०–३०० मिलिमीटरची लेन्स स्वस्तात मिळते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला तीस मीटरवर साधारण सव्वादोन ते अडीच मीटर रुंदीचा तुकडा चौकटीत येतो. चिंकारा नाकापासून शेपटीपर्यंत मीटरभर. म्हणजे चौकटीचा चाळीस टक्के भाग तोच व्यापतो. हेच शंभर मीटरवरून काढलं तर पावणेआठ मीटरचा तुकडा येतो आणि त्यात तपकिरी ठिपका. लाखाची लेन्स घेणाऱ्याला सत्तर मीटर चालायचे नसतात, इतकाच त्याचा अर्थ.

कॅमेऱ्यात आवाज न करणारं शटर असेल तर तेच वापरा. कंपाउंडचा बाण सेकंदाला ८०–९० मीटरने जातो, म्हणजे तीस मीटरला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो, म्हणून परदेशातल्या धनुर्धाऱ्यांची हरणं बाण यायच्या आत खाली दबतात. तुमच्या 'खटॅक'चंही तेच. पहिला फोटो मिळतो, दुसऱ्यात ढुंगण.

दुर्बीण ८×४२ पुरते, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर काचेची. कॅमेरा एक वेळ उसना आणा, पण दुर्बीण स्वतःची हवी, कारण दिवसातला जास्त वेळ तिच्यातच जातो.

कपडे मळखाऊ: मातकट, खाकी, वाळल्या गवताचा रंग. लष्करी छापाचे अजिबात नकोत. त्याने पोलिसांचे प्रश्न वाढतात आणि गावकऱ्यांचा संशयही. हरणवर्गाला लाल-केशरी रंग आपल्याइतका भडक दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून नीळ घातलेला पांढरा सदरा हा माळावर सगळ्यात वाईट कपडा. चार दिवस आधी कपडे नुसत्या पाण्यात पिळून बाहेर वाळत टाका. सुवासिक पावडर आणि अंगावरचा फवारा घरीच राहू द्या.

पायात पातळ रबरी तळाचा जुना कापडी बूट. जाड तळाच्या ट्रेकिंगच्या बुटाला पायाखालचा सुटा दगड कळत नाही, तो खडखडतो तेव्हाच कळतं. पोटरीला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळा. कुसळी गवताची कुसळं मोज्यात शिरली की माणूस दर दहा पावलांवर वाकतो, आणि माळावर वाकलेला माणूस लांबून दिसतो.

खायला धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी. लसणाच्या वासाने प्राणी पळतो का, असं मला दरवेळी कुणीतरी विचारतं. तुमचाच वास पळवायला पुरेसा आहे, लसूण खा. पाणी माणशी चार लिटर. आणि डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली, तिच्यात चाळलेली गोवरीची राख. ही बाटली लेन्सपेक्षा महत्त्वाची आहे, का ते पुढे येईल.

घरी करायची तयारी

अंतर ओळखता येत नसेल तर बाकीचं व्यर्थ. पंधरा दिवस रोज संध्याकाळी एकच काम करा: समोरचं झाड, खांब, म्हैस बघून अंतर बोला आणि मग पावलं मोजत जा. कापसाचं रान असेल तर आणखी सोपं. चार फुटी सरी असेल तर पंचवीस ओळी म्हणजे तीस मीटर. महिनाभरात डोळा दोन-तीन मीटरच्या आत येतो. चढ-उतारावर मात्र फसतो. मधलं खोरं पूर्ण दिसत असेल तर पलीकडचा प्राणी आहे त्यापेक्षा दूर वाटतो, सपाट उघड्या माळावरचा जवळ वाटतो.

दुसरं म्हणजे न हलता बसणं. अंगणात वीस मिनिटं बसून बघा, मोबाइलशिवाय. सातव्या मिनिटाला नाक खाजवेल. खाजवायचं नाही. धनुष्य ताणून धरणाऱ्या पोरांना हे लवकर जमतं.

पहिला दिवस: माणसं

मुक्काम दोन रात्रींचा धरा. बरोबर एकच जोडीदार, तिसरा माणूस गप्पा आणतो. पहिल्या दिवशी दुपारी गावात पोचा आणि आधी सरपंच किंवा पोलीस पाटील गाठा. कोण, कुठले, किती दिवस, हातात काय, सगळं सांगा. ओळखपत्राची प्रत द्या. बीट सांभाळणाऱ्या वनरक्षकालाही फोन करा.

हे मी अनुभवाने सांगतोय. पहिल्या वर्षी आम्ही कुणालाच न सांगता पहाटे पाचला एका शिवारात उतरलो. डोक्याला माकडटोपी, पाठीला लांब पिशवी, बॅटरीला लाल कागद. अर्ध्या तासात बारा-पंधरा माणसं काठ्या घेऊन भोवती. त्या महिन्यात गावातल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या. "मोटारचोर न्हाईत तर मग पहाटंचं काय करायलाव हितं?" या प्रश्नाला "हरणांचे फोटो" हे उत्तर मलाच खोटं वाटत होतं. कॅमेऱ्यातले जुने फोटो दाखवून, चहा पिऊन सुटलो. चूक पूर्णपणे आमची.

गावात दुसरा माणूस गाठायचा तो मेंढरं वळणारा. आमच्या धनगर आबांना कोणत्या लवणात सकाळी काय उतरतं हे तोंडपाठ आहे. त्यांच्याकडून मिळालेला सगळ्यात मोलाचा धडा व्हिडिओत कुठेच नाही. इथला चिंकारा घोंगडीवाल्या माणसाला भीत नाही. रोज मेंढरांमागे ताठ चालणारा माणूस तो बघतो. तो भितो दबकत, वाकून, थांबत-थांबत येणाऱ्याला, कारण तसा येतो कुत्रा नाहीतर बिबट्या. म्हणून पहिली दीडशे मीटर मी आबांसारखाच चालतो: ताठ, तिरका, प्राण्याकडे न बघता, आपल्याच नादात. लपाछपी सुरू होते ती ओघळीत उतरल्यावर.

टेकाडावर बसणं

त्याच संध्याकाळी एखाद्या टेकाडावर चढा. माथ्यावर उभे राहू नका, आभाळासमोर माणसाची आकृती कोसभरावरून दिसते. माथ्याच्या दहा-पंधरा फूट खाली, मागे झुडूप घेऊन बसा आणि शिवार दुर्बिणीने चाळा. सवय अशी लावा: डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग खालचा पट्टा, उजवीकडून डावीकडे. पूर्ण प्राणी शोधू नका. गवतात आडवी रेघ शोधा, कारण झाडं उभी असतात आणि पाठ आडवी. कानाची हालचाल, शिंगाचं टोक, रोहीच्या नराचा निळसर-करडा रंग. रोह्याच्या मादीचा रंग मातीसारखा असतो, ती बसली की ढेकूळ वाटते.

दिसलं की लगेच उठायचं नाही. त्यांची दिशा बघा, कुठून आले, कुठल्या बांधावरून उतरले. सकाळी ते साधारण त्याच वाटेने परततात. पानावर नकाशा काढा. माझी वही शाळकरी शंभर पानी आहे, तिच्यात प्रत्येक टेकाडाला आमचंच नाव.

वारं

दुसऱ्या दिवशी पहाटे. आबांचं वाक्य: "आधी वारं कुठून यायलंय ते बघ, लेका. मग हरणाकडं बघ."

रोही तुम्हाला बघून एक वेळ उभा राहील, कान टवकारून विचार करील. वास आला की विचार करत नाही. त्यामुळे सगळी वाट वाऱ्यावरून ठरते. बालाघाटात एक सोय झालीय. पाटोदा, मांजरसुंबा भागात पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि चक्कीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. लांबूनच वरचं वारं कळतं. पण ते पठारावरचं वारं. लवणात ते वळतं, घुमतं, कधी उलटही वाहतं. म्हणून राखेची बाटली. चिमटी दाबायची, राख कुठे जाते ते बघायचं, दर पन्नास पावलांवर पुन्हा.

उतारावरची हवा तर घड्याळासारखी फिरते. रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली घसरते. म्हणजे तुम्ही खाली असावं, प्राणी वर. ऊन पडून उतार तापला की हवा वर चढते, तेव्हा तुम्ही वर असायला हवं. संध्याकाळी पुन्हा उलट.

हे मला पाठ होतं आणि तरी मी फसलो. तीन चिंकारे, एक नर दोन माद्या, उताराच्या मध्यावर बोरीची पानं खात होते. आम्ही खाली, ओघळीत. राख आमच्याकडे येत होती, अगदी हवी तशी. अडीचशे मीटरवरून साठावर यायला पाऊण तास लागला, शेवटची वीस मीटर कोपरांवर. मी इतका रंगलो की बाटली खिशातच राहिली. पूर्वेच्या टेकाडावरून ऊन डोकावलं, आधी चिंकाऱ्यांच्या पाठीवर, मग खाली आमच्या हातांवर. मला ते सुंदर वाटलं. दोन-तीन मिनिटांत गालाला लागणारी थंड हवा थांबली, आणि मग मानेला मागून लागली. नराने पुढचा खूर दगडावर आपटला. शिंक आल्यासारखा 'फिश्' आवाज काढला. तिघं एका दमात उताराच्या वर.

तेव्हापासून नियम असा: ऊन प्राण्यापर्यंत पोचायच्या आत काम झालं नाही तर माघार. वळसा घालून वरून यायला तास लागतो, पण तो घालायचा.

माग वाचणं

प्राणी न दिसल्यास जमीन बघा, विशेषतः ओघळीतली बारीक माती आणि शेततळ्याची कड. चिंकाऱ्याचा खूर आगपेटीएवढा, अरुंद, टोकदार. रोह्याचा तसाच पण मोठा आणि जड. डुकराच्या खुरामागे दोन्ही बाजूंना आखूड नख्यांचे ठसे उमटतात, शिवाय उकरलेली माती बघून शंका राहत नाही. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, तसा ढीग सापडला की ती वाट चालती आहे.

ठसा ताजा की शिळा? कडा धारदार आहेत का बघा. त्यावरून मुंगळ्यांची वाट गेलीय का. पहाटेच्या दवाचे बारीक खड्डे ठशाच्या आत पडले असतील तर प्राणी दवाच्या आधी गेलाय, तुम्ही तीन तास उशिरा आलात. गोल ठसा, नखं नाहीत, सात-आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे बिबट्या. नखं दिसली तर कुत्रा, लांडगा नाहीतर तरस. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा ठळक मोठे.

बिबट्याचा ताजा ठसा दिसला की त्या दिवशीचं रांगणं बंद. उभं राहा, दोघं जवळ, बोलत गावाकडे फिरा. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. खाली वाकलेलं, एकटं, तिन्हीसांजेचं माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही.

शेवटची चाळीस पावलं

पाऊल टाकताना बाहेरची कड आधी, मग चवडा, मग भार. वजन द्यायच्या आत पायाने दगड चाचपायचा. प्राण्याची मान खाली असेल तेवढ्यातच हालचाल. रोही चरताना किती वेळ मान खाली ठेवतो ते चार-पाच वेळा मनात मोजा, त्याच्या निम्म्या वेळात थांबा. मान वर आली की जिथे आहात तिथे, एक पाय हवेत असला तरी. डोळ्याला डोळा भिडवू नका. टिटवीला चुकवून जा. ती ओरडली की अख्खं शिवार मान वर करतं, आणि मग दहा मिनिटं गप पडून राहण्यावाचून इलाज नाही.

किती जवळ? पहिल्या वर्षी रोह्यापाशी शंभर मीटरवर गेलात तरी पुष्कळ. चिंकाऱ्याच्या चाळीस पावलांवर जायला मला तीन हिवाळे लागले. त्या दिवशी ढगाळ होतं, म्हणून उताराची हवा उशिरापर्यंत फिरली नाही. मी तरवडाच्या आडून कॅमेरा उचलला तेव्हा मादी रवंथ करत बसली होती. तिच्या कानाच्या आतले पांढरे केस, डोळ्यापासून नाकाकडे गेलेली काळसर रेघ, खालच्या जबड्याची आडवी फिरकी, सगळं दिसत होतं. पापणी हलली तेही. पाच फोटो काढले. सहावा काढला नाही, तिचा कान माझ्याकडे वळला होता.

माझ्या शाळेत गुण असे आहेत: प्राण्याला न कळता आलात आणि न कळता गेलात तर पूर्ण. तो नुसता उभा राहून बघत राहिला तर निम्मे. पळाला तर शून्य, फोटो कितीही चांगला असो. धडपडणारं पिल्लू जवळ असेल तर सुरुवातच करायची नाही. आणि एकाच कळपामागे सलग दोन सकाळी जायचं नाही.

जीव सांभाळण्याच्या गोष्टी

सगळ्यात मोठा धोका प्राण्याचा नाही, तारेचा आहे. डुकरांसाठी शेताभोवती तारा असतात. सौर कुंपणाचा झटका हिसका देऊन सोडतो. पण काही जण थेट विजेच्या लाइनवरून तार सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्याने दरवर्षी माणसं मरतात. अंधारात कुणाच्याही शेतातून आडवं जायचं नाही, गाडीवाटेनेच जायचं. आदल्या दिवशी मालकाला थेट विचारा, "रात्री तार चालू असते का?"

दगड उलथू नका, कपारीत हात घालू नका. घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत. दंश झाला तर बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन, आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते घरून निघतानाच विचारून ठेवायचं.

कुठे वायरचा फासा, जाळं किंवा संशयास्पद गोळा दिसला तर हात लावू नका. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. लांबून फोटो, जागेची खूण, आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक. फासे लावणारा ओळखीचा निघाला तर त्याच्याशी तिथे वाद घालू नका.

परतताना

आलात त्याच वाटेने, त्याच सावकाशीने मागे सरका. फोटो मिळाला की माणूस टुणकन उभा राहतो, आणि दोन तासांची मेहनत त्या उठण्यात जाते. ओघळीत पोचलात की मग पाणी प्या.

गावात आबांना फोटो दाखवायचा राहू देऊ नका. मागच्या वर्षी मी दाखवला तर त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ही खालच्या लवणातली. हिचा डावा कान फाटलेला आसतो, बघ." बघितलं, खरंच फाटलेला. माझ्या वहीत त्या मादीची नोंद आता फाटक्या कानाची म्हणून आहे.

घरी आलात की वही भरा: तारीख, ऊन कधी पोचलं, वारं कधी फिरलं, किती अंतरावर गेलात, काय चुकलं. फोटो टाकायचा असेल तर आधी त्यातली जागेची माहिती पुसून टाका, मोबाइलने काढलेला असेल तर नक्कीच. मथळ्यात तालुक्याच्या पुढे काही लिहू नका. लवणाचं नाव तर अजिबात नको. कोणत्या बोरीखाली काय बसतं हे शोधत फिरणारे सगळेच कॅमेरा घेऊन येत नाहीत.